आदेश कोणाच्या जागी?



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते व्याकरण शिकवीत. नियम सांगून झाला की तो नियम जेथे लागू नये असे एक उदाहरण ते विद्यार्थ्यांकडून मागत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्या पद्धतीला साजेसा विषय शोधीत असता माझे लक्ष व्याकरणाबाहेरच्या, वरकरणी परक्या वाटणाऱ्या एका क्षेत्राकडे गेले. संगणकाला 'हे शोध आणि त्याच्या जागी ते घाल' अशी आज्ञा दिली जाते. ती आज्ञा बिघडते कशी, आणि बिघडली असता दोष कोठे शोधावा, याविषयी मी आज बोलणार आहे. माझ्यासारख्या मराठीच्या म्हाताऱ्या अध्यापकाने या प्रांतात शिरावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु 'अमुकाच्या जागी तमुक' हा व्यवहार मूळचा आमचाच आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. प्रत्येक मोठ्या संगणकावर साध्या अक्षरांत लिहिलेल्या सूचनांच्या वह्या असतात. दार कोणासाठी उघडावे, कोणत्या पत्त्यावर संदेश पाठवावा, नोंद कोठे ठेवावी, हे त्यांत ओळीओळीने लिहिलेले असते. त्यांस कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. यंत्र एक असेल तर माणूस वही उघडून ओळ बदलतो. यंत्रे शंभर असतील तर हे काम दुसऱ्या एका कार्यक्रमाकडे सोपवावे लागते. नॉर्वेत मार्क बर्जेस यांनी १९९३ साली सीएफइंजिन या नावाने अशी व्यवस्था सुरू केली. पुढे २००५ मध्ये पपेट आणि २०१२ मध्ये ॲन्सिबल आले. या कार्यक्रमांना बदलायची ओळ ओळखता यावी म्हणून तिचे वर्णन एका सांकेतिक भाषेत लिहून द्यावे लागते. त्या वर्णनास इंग्रजीत रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी आज त्यास 'नमुनासूत्र' म्हणेन. त्याची गणिती कल्पना स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाची, १९५० च्या दशकातील. १९६८ मध्ये केन टॉम्सन यांनी ती मजकूर शोधण्याच्या कामी आणली. १९८७ मध्ये पर्ल ही भाषा निर्माण करून ज्यांनी नमुनासूत्रांचा फार मोठा प्रसार केला ते लॅरी वॉल हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी होते. हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

आता आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून हे गाव गौतमपुरा झाले. समजा, एखाद्या उत्साही मराठी संपादकाने ठरविले की ग्रामनामांतील 'पुरा' हा हिंदी वळणाचा शेवट मराठी वळणाचा करावा, आणि संगणकास आज्ञा दिली : 'पुरा' दिसेल तेथे 'पूर' घाल. गौतमपुऱ्याचे गौतमपूर होईल खरे. परंतु त्याच मजकुरात 'पुरावा' असेल तर त्याचा 'पूरवा' होईल, 'अपुरा' असेल तर 'अपूर' होईल, आणि अठरा पुराणांची अठरा पूरणे होतील! (पोळ्यांची सोय झाली म्हणायची.) उलट 'गौतमपुऱ्यात' हे रूप जसेच्या तसे राहील, कारण त्यात 'पुरा' ही अक्षरे नाहीतच. एका आज्ञेने नको तेथे हात घातला आणि हवे तेथे घातला नाही. शोध-बदलाच्या साऱ्या दुखण्यांची ही दोन मूळ रूपे होत.

यावर जाणकार सांगतील की 'पूर्ण शब्द असेल तरच' अशी अट घालावी. अट योग्य आहे. पण तिची अंमलबजावणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. पायथन या भाषेत जे नमुनासूत्रांचे साधन अंगभूत मिळते, आणि ॲन्सिबलही ज्यावर चालते, त्यात काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे 'शब्दातील अक्षरे' म्हणून गणली जात नाहीत. शब्दाची सीमा म्हणजे शब्दाक्षर आणि अ-शब्दाक्षर यांचा सांधा, अशी त्याची व्याख्या आहे. परिणामी 'राम' हा पूर्ण शब्द शोधावयास सांगितला की तो 'रामेश्वर' या शब्दातही सापडतो, कारण 'म' च्या पुढची मात्रा त्या साधनास शब्दाबाहेरची वाटते. आणि 'गौतमपुरा' हा पूर्ण शब्द 'गौतमपुरा येथे' या मजकुरात शोधा. तो सापडणारच नाही! शेवटचा काना शब्दाबाहेरचा, त्यापुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची; मग सीमा कोठून येणार? रोमन लिपी गृहीत धरून केलेल्या व्याख्येची ही मर्यादा आहे.

'गौतमपुऱ्यात' या शब्दाची आणखी एक गंमत आहे. त्यातील अर्ध्या र चे चिन्ह संगणकाच्या स्मृतीत दोन निरनिराळ्या प्रकारांनी साठविता येते. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर व छापील पानावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. डोळ्यांना एक दिसणारा शब्द यंत्रास दोन आहेत. इंग्रजी सूचनांच्या वह्यांतही असे अदृश्य उपद्रव असतात : विंडोज पद्धतीने लिहिलेल्या ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह दडलेले असते, त्यामुळे 'ओळीच्या अंती अमुक शब्द' अशी अट निष्फळ ठरते. म्हणून 'शब्द तर समोर दिसतो आहे, मग सापडत का नाही?' असा प्रश्न पडला की सूत्राशी झटापट करण्याआधी मजकूर कोणत्या चिन्हांचा बनला आहे ते चिन्हश: तपासावे.

आता मी आमच्या प्रांतात येतो. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांपैकी फार मोठा भाग 'याच्या जागी ते' अशा स्वरूपाचा आहे. ज्याच्या जागी बदल करावयाचा तो 'स्थानी', आणि त्याच्या जागी जो येतो तो 'आदेश'. पाणिनी येथे थांबत नाही. आधी कोण असता आणि पुढे कोण असता हा बदल व्हावा, हेही तो सांगतो, आणि त्यासाठी विभक्तींना ठराविक कामे वाटून देतो : षष्ठीने स्थानी दाखवावयाचा, सप्तमीने पुढचा शेजारी, पंचमीने मागचा. 'इ' चा 'य्' होतो, पण पुढे स्वर असेल तरच. म्हणून 'अति' आणि 'अंत' यांचा 'अत्यंत' होतो, आणि 'अतिथी' मधला इकार सुखरूप राहतो. आजच्या नमुनासूत्रांत मागचे-पुढचे न बदलता केवळ पाहण्याची जी सोय असते ती हीच. शेजाऱ्यांचे वर्णन केले नाही तर काय होते, याचे यंत्रांच्या जगातले नित्याचे उदाहरण पत्त्यांचे आहे. १०.०.०.१ या पत्त्याच्या जागी १०.०.०.५ घाल अशी आज्ञा दिली की १०.०.०.१२ या भलत्याच यंत्राचा पत्ता १०.०.०.५२ होऊन बसतो. शिवाय नमुनासूत्राच्या भाषेत टिंब म्हणजे टिंब नव्हे, तर 'कोणतेही एक चिन्ह'. टिंबाचा शब्दश: अर्थ हवा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.

आदेशाच्या बाजूनेही घोटाळा होतो, मात्र तो विरळा. सापडलेल्या मजकुराचा काही भाग कंसात धरून बदलाच्या वेळी 'पहिल्या कंसातले' असे म्हणून तो परत मागविता येतो. एखाद्याने लिहिले : पहिल्या कंसातले, आणि त्यापुढे ८०८० हा आकडा. लिहिताना ते खुणेच्या १ पुढे ८०८० असे चिकटून १८०८० झाले, आणि यंत्राने अठराव्या कंसाचा शोध सुरू केला. पदच्छेद चुकला की अर्थ चुकतो. श्लोकांच्या बाबतीत हे आपण जाणतोच. यावर तोड म्हणून कंसाचा क्रमांक स्वतंत्र वेष्टनात लिहिण्याची सोय केलेली आहे.

सर्वांत सूक्ष्म दोष मात्र पुनरावृत्तीचा आहे, आणि त्यासाठी मला अलीकडच्या नामांतराचे उदाहरण घ्यावे लागेल. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. गौतमाबाईंच्या नावाच्या गावात बसून त्यांच्या सुनेच्या नावाच्या जिल्ह्याचा उल्लेख करताना मला विशेष आनंद होतो. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यातले. नामांतराच्या योग्यायोग्यतेविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. मला पाहावयाचे आहे ते एवढेच की जुन्या याद्या आणि मजकूर यांवर असा नियम सरसकट चालविला तर काय होईल.

पहिली गोष्ट, बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, आणि त्याच नावाचा लोकसभा मतदारसंघही आहे. त्याचे नामांतर कोणी केलेले नाही. दुसरी, 'औरंगाबादेत' या रूपाचे 'छत्रपती संभाजीनगरेत' असे होईल, जे कोणीही मराठी माणूस बोलत नाही. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मलिक अंबरने वसविलेल्या खडकीस औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले, असे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात असते. नियम चालला की वाचावयास मिळेल : औरंगजेबाने या शहरास छत्रपती संभाजीनगर हे नाव दिले! ज्या संभाजीराजांचा १६८९ मध्ये त्याने क्रूरपणे वध करविला, त्यांच्याच नावाचा गौरव त्याच्या खात्यावर जमा होईल. यंत्र 'बदल यशस्वी' असेच सांगेल, आणि असत्य छापून तयार होईल.

पुनरावृत्तीचा दोष यापुढचा. काही मजकुरांत लोकांनी आधीच नुसते 'संभाजीनगर' लिहिलेले असते, म्हणून दुसरा नियम केला : 'संभाजीनगर' च्या जागी 'छत्रपती संभाजीनगर'. पहिल्या फेरीत काम चोख झाले. दुसऱ्या दिवशी तीच फेरी पुन्हा चालली आणि 'छत्रपती छत्रपती संभाजीनगर' झाले. आदेशाच्या पोटातच स्थानी दडलेला असल्याने नियमास दर फेरीला नवे भक्ष्य मिळते. स्वयंचलित व्यवस्थेत हा धोका कायमचा आहे, कारण तेथे तीच आज्ञा तासातासाला किंवा रोज चालविली जाणे हेच अपेक्षित असते. ॲन्सिबलच्या माहितीपुस्तिकेत तर असा इशाराच आहे की बदल करून घातलेला मजकूर पुन्हा त्याच सूत्राच्या तावडीत सापडणार नाही, याची खबरदारी सूत्र लिहिणाऱ्याने स्वत: घ्यावी.

हे वाचले तेव्हा मला नागेशभट्टांची आठवण झाली. अठराव्या शतकात काशीत राहून ज्या महाराष्ट्रीय वैयाकरणाने 'परिभाषेन्दुशेखर' लिहिला ते हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकविणाऱ्या कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात त्या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. सूत्रे कशी लावावयाची याचे नियम, म्हणजे नियमांचे नियम, हा त्याचा विषय. एका लक्ष्यावर एक सूत्र एकदाच प्रवृत्त होते, असा संकेत आमच्या परंपरेत मानलेला आहे. पाणिनीने स्वत: तर याहून मोठी व्यवस्था केली : अष्टाध्यायीच्या अखेरच्या तीन पादांतील सूत्रांचे कार्य आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने घडलेच नाही असे धरावयाचे. कोणत्या नियमाने काय पाहावे याबरोबरच काय पाहू नये हेही त्याने ठरवून दिले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इंदुरात यंत्रांच्या देखभालीचे काम करते. तिच्याकडून ऐकलेला एक प्रसंग येथे उपयोगी पडेल. दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या कार्यक्रमाच्या वहीत एक ओळ असते, जिने 'मुख्य अधिकाऱ्यास थेट प्रवेश द्यावा की नाही' हे ठरते. बाहेरचा चोर पहिला हल्ला याच दारावर करतो. सर्व यंत्रांवर ते दार बंद करण्याचा नियम लिहिला गेला : त्या शब्दाने सुरू होणारी ओळ शोध, तिच्या जागी 'नाही' असे लिहिलेली ओळ घाल. नियम चालला, अहवालात 'बदल झाला' असे आले, आणि दार उघडेच राहिले.

"सर, नियम लागला, ओळही तिथे आहे, पण यंत्र तिचं ऐकत नाही," असे ती म्हणाली. मी तिला विचारले, "ओळ आहे ती कोणाच्या अधिकारात आहे?" व्याकरणात अधिकारसूत्राचा अंमल पुढच्या सूत्रांवर चालतो, एवढ्याच आधारावर केलेला तो प्रश्न होता. तिने वही उघडून दाखविली. मूळ ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह होते, म्हणजे ती केवळ टीप होती. सूत्र 'ओळीच्या आरंभी तो शब्द' असे असल्याने टिपेची ओळ त्यास सापडली नाही, आणि न सापडल्यास नवी ओळ वहीच्या शेवटी जोडावी असा त्या साधनाचा स्वभाव आहे. शेवटी मात्र 'अमुक गटातील लोकांसाठी' असे एक स्वतंत्र प्रकरण होते. नवी ओळ त्या प्रकरणात जाऊन बसली, आणि तिचा अंमल त्या गटापुरताच राहिला. उरलेल्यांसाठी दार पूर्ववत. शिवाय या वहीत एकच सूचना दोनदा आली तर पहिली ग्राह्य धरतात. पाणिनीच्या परंपरेत समबल नियमांच्या संघर्षात नंतरचा बलवान. येथे पहिला बलवान. ओळी बदलणाऱ्या त्या साधनाची रीत आणखी तिसरीच : सूत्रास अनेक ओळी सापडल्या तर ते शेवटची बदलते. सूत्र कोणत्या राज्यात चालते ते आधी विचारले पाहिजे.

दुरुस्ती तिनेच केली, आणि तिचा क्रम मला अनुकरणीय वाटला. तिने बदलाची आज्ञा बाजूला ठेवून आधी केवळ शोध चालविला, आणि सूत्रास प्रत्येक यंत्रावर किती व कोणत्या ओळी सापडतात याची यादी काढली. काही यंत्रांवर शून्य, काहींवर एक, दोहोंवर दोन. निदान तेथेच निम्मे झाले. मग आरंभीचे हॅश आणि मोकळ्या जागा असोत वा नसोत, दोन्ही रूपे सापडतील असे सूत्र तिने लिहिले. त्यामुळे जुनी टीप, जुनी सूचना आणि स्वत: घातलेली नवी ओळ या तिन्ही एकाच सूत्राच्या कक्षेत आल्या, आणि दुसऱ्या फेरीत नवी ओळ जोडली जाण्याचे कारण उरले नाही. ओळ कोठेच न सापडल्यास ती त्या प्रकरणाच्या आधी घालावी, शेवटी नव्हे, असेही सांगितले. यानंतर तिने कोरडी फेरी घेतली. तीत साधन प्रत्यक्ष काही न बदलता आधीचा व नंतरचा मजकूर शेजारी शेजारी दाखविते. बदललेली वही वापरात आणण्यापूर्वी ओपनएसएसएचकडूनच तपासून घेतली, आणि अखेरीस त्या कार्यक्रमास विचारले की प्रत्यक्षात तू कोणती सूचना मानतोस. वहीत काय लिहिले आहे आणि वाचणारा काय वाचतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावर बहुतेक लोक थांबतात. दुसऱ्या फेरीचा अहवाल आला तेव्हा बदलांची संख्या शून्य होती. ती फेरी न घेता काम संपले असे मानणाऱ्यांचा मला अचंबा वाटतो.

काही कामे मात्र अशी आहेत की तेथे कोणतेही सूत्र पुरे पडत नाही, आणि हे मी मराठीच्या आधारे ठामपणे सांगू शकतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार त्यांनी काढून टाकले. तेव्हा जुने पुस्तक नव्या लेखनात आणावयाचे तर 'अनुस्वार काढ' एवढी आज्ञा पुरेल काय? 'नांव' चे 'नाव' होईल, 'पांच' चे 'पाच' होईल. पण 'संत' चे 'सत' होईल आणि 'गंगा' 'गगा' होऊन वाहू लागेल. बरे, शब्दांची यादी करू म्हटले, तर 'त्यांनीं' या एका शब्दात दोन अनुस्वार आहेत : पहिला अनेकवचनाचा, तो राहिला पाहिजे, दुसरा अनुच्चारित, तो गेला पाहिजे. तेही जमेल, शेवटच्या ईकारावरचा अनुस्वार तेवढा काढ, असे सूत्र लिहिता येते. पण 'घरांत' चे काय करणार? जुन्या लेखनात 'एका घरात' आणि 'अनेक घरांत' या दोन्ही अर्थी 'घरांत' असेच लिहीत. पहिल्या अर्थी अनुस्वार काढावयाचा, दुसऱ्या अर्थी ठेवावयाचा. शेजारची अक्षरे पाहून हे कळत नाही; वाक्य समजावे लागते, प्रसंगी परिच्छेद वाचावा लागतो. तेथे सूत्राचे काम संशयित स्थळे काढून देणे एवढेच, आणि निर्णय वाचणाऱ्याचा.

आपल्या शाळेची जुनी वार्षिके संगणकावर आणण्याचा विचार काही माजी विद्यार्थ्यांनी आज सकाळी माझ्यापाशी बोलून दाखविला. त्यांना माझे सांगणे असे, की मूळ लेखन अनुस्वारांसह जसेच्या तसे टंकित करावे आणि ती प्रत कुलूपबंद ठेवावी. नव्या लेखनाची प्रत तिच्यावरून वेगळी काढावी, आणि कोणते सूत्र कोणत्या दिवशी चालविले व त्यास कोणती स्थळे सापडली, याची वही ठेवावी. 'घरांत', 'त्यांत', 'लोकांत' अशा शब्दांची यादी मी आपणास काढून देईन. त्या शब्दांची स्थळे मात्र वाचावी लागतील, आणि त्या कामी माझे डोळे जेवढे साथ देतील तेवढी पाने वाचावयास मी तयार आहे.